बागेचा उपास

मी एकदा नवस बोलले होते, की दिनकरभाऊजींची द्राक्षबाग तपासणीत पास होऊन हे दोघे भाऊ पुन्हा एका पंगतीला बसेपर्यंत मी द्राक्षाचा मणी तोंडात घालणार नाही. बोलले तेव्हा दिवाळी होती. दिवाळीत द्राक्ष सोडणं सोपं असतं, कारण बाजारात द्राक्ष नसतं.

मी माहेरची वडूजची. आमच्याकडे पाण्याचेच वांधे, द्राक्ष बघायचं ते पाहुण्याच्या पिशवीत. लग्न होऊन सांगलीला आले आणि बघते तर काय, सासरी तासगाव भागात बाग आणि नवरा द्राक्ष तपासणारा! हे एका प्रयोगशाळेत आहेत. बागेतून, बाजारातून नमुने आणायचे, आणि फवारलेल्या औषधाचा किती अंश फळात राहिलाय ते तिथल्या मशिनवर बघायचं. बागायतदार त्याला ‘रेसिड्यू’ म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात कणकेच्या डब्याशेजारी गोष्टी साठतात. मी त्या कुठे लिहून ठेवल्या नाहीत. पण हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की एक निघते, तिच्या शेपटीला धरून दुसरी निघते, आणि वाणाचे आवळे हातातच राहतात.

*

भाजी आणायला ह्यांना बरोबर नेऊ नये हे मी पहिल्या वर्षीच शिकले. मंडईत हौसाक्कांचा गाळा आहे. त्यांच्यासमोर उभं राहून ह्यांनी फ्लॉवर हातात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि विचारलं, “यावर शेवटचं औषध कधी मारलंय?”

हौसाक्का म्हणाल्या, “मी इकते. मारणारा पाटणकडं हाय.”

“तरी काही कल्पना?”

हौसाक्कांनी फ्लॉवर परत घेतला, एक तुरा बाजूला केला आणि आतली हिरवी अळी दाखवली. “ही बघा. जिती हाय. औषध असतं तर ऱ्हायली असती का? हेच माझं सर्टिफिकेट.”

ह्यांना ते पटलं. आम्ही फ्लॉवर घेतला. हौसाक्कांनी देताना अळी अलगद काढून बाजूला पाल्यात ठेवली. मला वाटलं, किती स्वच्छ बाई.

पुढच्या आठवड्यात मी एकटी गेले. शेजारी एक मास्तरीण फ्लॉवर घेत होत्या. हौसाक्का त्यांना अळी दाखवत होत्या. मी जरा वाकून पाहिलं.

“हौसाक्का, ही तीच व्हय?”

“मग? रोज नवं सर्टिफिकेट काढाया सवड कुणाला हाय, ताई?”

*

आता भाऊजींचं सांगते, म्हणजे नवसाचं कळेल.

दिनकरभाऊजी ह्यांचे धाकटे भाऊ. बाग अशी राखतात की घड हातात घेताना पोराचं डोकं धरल्यासारखं धरतात. त्यांची द्राक्षं परदेशी जातात. त्यासाठी बाग नोंदवावी लागते, आणि एक डायरी ठेवावी लागते. तारीख, औषध, किती मारलं, सल्ला कुणाचा, सही. शिवाय प्रत्येक औषधाचे दिवस ठरलेले. औषध मारल्यावर तेवढे दिवस थांबायचं, मगच फळ तोडायचं. थांबायच्या या दिवसांना बागायतदार ‘पीएचआय’ म्हणतात.

दोन वर्षांमागं भाऊजींनी अख्ख्या हंगामाची डायरी एका दुपारी बसून लिहिली. तपासणीला साहेब आले. गोरेले, चष्मेवाले, बोलायला मऊ. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, “तीन महिने झाले, आणि पेन एकदाही संपलं नाही तुमचं. कुठल्या दुकानातून घेता?”

भाऊजींनी सरळपणे दुकान सांगितलं.

आठवणीतून लिहिलेल्या त्या डायरीत एका फवारणीची तारीख चुकली होती. त्यामुळे दिवस भरले असं वाटलं आणि ते भरले नव्हते. नमुना फेल झाला. द्राक्षं परदेशी गेली नाहीत, बेदाण्याला गेली. साहेब जाता जाता म्हणाले, “पुन्हा असं झालं तर बागेची नोंदणी राहणार नाही.”

भाऊजींना साहेबांचा राग आला नाही. राग आला तो ह्यांचा. “सख्खा भाऊ लॅबमदी आसून एक बाग निघंना?” असं चावडीपुढं म्हणाले. ते ह्यांच्या कानावर आलं. हे म्हणाले, “मी लॅबमध्ये आहे म्हणूनच निघणार नाही.” आणि त्यांनी ऑफिसात लिहूनच दिलं की भावाच्या बागेचा नमुना मी घेणार नाही, हंगामात त्या बांधाच्या आत पाऊलही टाकणार नाही.

झालं. सणाला दोघं आले तर एक जण आधी जेवून घ्यायचा. मी आणि माझी जाऊ सुनंदा, आम्ही दोघी दोनदा वाढायचो. म्हणून तो नवस.

*

नवस करणारीच्या हातून काय काय होतं ते पण सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगते.

एका रविवारी ह्यांची गाडी वाटेत बंद पडली. प्रयोगशाळेला कुलूप लागून गेलेलं. म्हणून द्राक्षाच्या नमुन्याची पिशवी ह्यांनी आमच्या फ्रिजमध्ये ठेवली, आणि मला बजावलं, “यातलं एकही खायचं नाही.”

मला कशाला सांगायचं? मी तर नवसात. पण सकाळी देवपूजा झाल्यावर फ्रिज उघडला आणि मनात आलं, एवढी धुळीची द्राक्षं ऑफिसात न्यायची, लोक काय म्हणतील? माणूस कुणाचा म्हणतील? मिठाच्या पाण्यात घातली, तीन वेळा खळबळून काढली, पंच्यानं पुसली आणि एकेक घड पुन्हा पिशवीत ठेवला.

हे चहा पीत होते. मी म्हटलं, “एकही खाल्लं नाही हो. उलट छान धुऊन ठेवलीत.”

कप बशीत ठेवायलाच ह्यांना बराच वेळ लागला. जे मोजायचं ते मी धुऊन काढलं होतं.

ह्यांना पुन्हा त्या बागेत जावं लागलं. त्याआधी नमुना रद्द का केला ते रजिस्टरमध्ये लिहायचं होतं. मी म्हटलं, पिशवी फाटली म्हणून लिहा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तसेच निघून गेले. नंतर ह्यांच्या प्रयोगशाळेतल्या शबानाने मला सांगितलं, रजिस्टरमध्ये लिहिलंय: ‘नमुना घरी ठेवण्याची चूक माझी. पत्नीने स्वच्छ धुतला.’

“काकू,” शबाना म्हणाली, “स्वच्छ लिहिलंय हं. तक्रार नाहीये.”

*

शबाना मिरजेची. मशिनवर तीच बसते. कुठल्याही नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो, त्यामुळे कुणाची बाग आहे हे तिलाही कळत नाही. नोकरीला लागली तेव्हापासून ती मला काकू म्हणते, आणि माझ्या उपासांची तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

हल्ली रमजान द्राक्षाच्या हंगामात येतो. एक दिवस ती इफ्तारीसाठी माझ्या हातच्या खजुराच्या वड्या न्यायला घरी आली होती. तेवढ्यात एक बागायतदार काका दारात. पटका, हातात द्राक्षाची पेटी.

“साहेब, घरची हायती. खाऊन बघा.”

हे म्हणाले, “तुमचा नमुना आमच्याकडे आलाय. मला चालणार नाही.”

“बरं. पोरी, तू घे.”

शबाना म्हणाली, “रोजा आहे काका.”

“मग वैनी, तुमी तरी.”

मी म्हटलं, “माझा नवस आहे हो.”

काकांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. पेटी खाली ठेवली, पटका काढला आणि पायरीवर बसले.

“तिघांतलं एक बी खाईना. सरळ सांगा की, किती निघालंय?”

*

मधे एकदा महाबळेश्वरला गेलो होतो. सुनंदाची आणि माझी फार दिवसांची इच्छा होती. हे एका गाडीत, भाऊजी दुसऱ्या गाडीत. स्ट्रॉबेरीच्या एका स्टॉलवर पुण्याच्या बाई विचारत होत्या, “भैया, ऑरगॅनिक आहेत ना?”

स्टॉलवाला मामा म्हणाला, “ह्या टोपलीतल्या ऑरगॅनिक.”

“आणि त्या?”

“त्या गोड.”

बाईंनी दोन्हीतल्या घेतल्या. एका बाजूला हे हसले, दुसऱ्या बाजूला भाऊजी हसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दोघांनीही हसणं थांबवलं. सुनंदा माझ्या कानात म्हणाली, “ताई, नवस लागू पडाया लागलाय. जरा जोर वाढवा.”

*

जोर वाढवायचा म्हणजे काय? मी विचार केला. मला दुसरं काय येतं? दिवस पाळता येतात. चतुर्थी कधी, प्रदोष कधी, सोळा सोमवारांतला कितवा, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगते. मग मी सुनंदाला म्हटलं, बागेत औषध मारलं की त्याच संध्याकाळी मला फोन करायचा. औषध सांगायचं, दिवस सांगायचे. मी माझ्या कॅलेंडरवर हिरव्या शाईनं लिहीन, आणि थांबायचे दिवस भरेपर्यंत रोज एक फुली मारीन. आणि भाऊजींनी डायरी रोजच्या रोज लिहायची. जे झालं ते. व्रत घेतल्यासारखं.

भाऊजी म्हणाले, “वैनींनी सांगितलंय म्हणून लिवतो.” आणि खरंच लिहायला लागले. काही नाही केलं त्या दिवशीही लिहायचे: ‘आज काही नाही. पाहुणे आले.’

आमच्या शेजारच्या कुलकर्णीवहिनी माझं कॅलेंडर बघूनच स्वतःचे उपास धरतात. त्यांना हिरव्या फुल्या दिसल्या.

“हे कुठलं व्रत हो नवीन?”

“बागेचं.”

“कडक असतं का?”

“फार.”

“काय खायचं असतं?”

“खायचं काही नसतं. हात आवरायचा असतो.”

त्या म्हणाल्या, “मग मला नाही जमायचं.”

*

आणि आता शेवटचं. हे मी नेहमी शेवटीच सांगते.

यंदा तोडणीला बारा दिवस राहिले होते आणि आभाळ आलं. सकाळी दव, दुपारी ढग. बागेच्या ओढ्याकडच्या बाजूला घडांवर पांढरी भुकटी दिसायला लागली. ती भुरी. भाऊजींच्या घरात एक औषध शिल्लक होतं, भुरीवर जालीम. पण त्याचे थांबायचे दिवस बाराच्या दुपटीहून जास्त. मारलं तर भुरी जाणार आणि बाग तपासणीत फेल होणार. नाही मारलं तर डोळ्यांदेखत घड जाणार.

सुनंदानं फोन केला. “ताई, दोन दिस जेवल्यालं न्हाईत. रात्रंदिस बागंतच हायत.”

मी म्हटलं, “हात आवर म्हणावं. बागेचा उपास आहे.”

“मी सांगून बघितलं. आता म्हंत्यात, देवाला इचारतो.”

आमच्या गावचा देव सिद्धनाथ. नड आली की लोक कौल लावतात. गुरव देवाच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक ओलं फूल चिकटवतो, मग आपण प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर देव हो म्हणाला.

भाऊजींनी हात जोडले. “देवा, औषिद मारू का?”

आणि सुनंदा शपथेवर सांगते, प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवं फूल पडलं.

भाऊजी ताडकन उठले. ट्रॅक्टरची किल्ली काढली. सुनंदा दारातच उभी होती. ती बाजूला झाली, अडवलं नाही. नुसती म्हणाली, “मारा की. देवानं सांगितलंय, मी कोण न्हाई म्हणनार? पर आवं, डायरी लिवावी लागंल.”

“लिवीन की.”

“सल्ला कुणाचा, असा रकाना हाय. तितं देवाचं नाव लिवायचं. उद्या रिपोर्ट फेल आला म्हंजे साहेब इचारतील, ह्यो सल्ला कुणाचा? मग तुमी बोट दावा. सिद्धनाथाचा म्हणावं. साऱ्या तालुक्यात नाव हुईल.”

गुरव मागून घाईनं म्हणाला, “माझं नाव घालू नगा गा त्यात.”

भाऊजी किल्ली हातात घेऊन पायरीवर बसले. दोन वर्षांमागं स्वतःचं नाव गेलं होतं, ते सोसलं होतं. देवाचं कसं घालवायचं? उठले, देवाकडे न बघताच नमस्कार केला आणि घरी जाऊन कात्री शोधली.

चार दिवस आम्ही सगळ्यांनी भुरी लागलेले घड कापले. मी रोज सकाळी जायचे. हे मला स्कूटरवर सोडायला यायचे, पण बांधाच्या अलीकडेच उभे राहायचे, उन्हात, हेल्मेट हातात. पहिल्या दिवशी भाऊजींनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सुनंदाच्या हाती चहा पाठवला. ह्यांनी तो बांधावरून हात लांब करून घेतला. पाऊल आत नाही. चौथ्या दिवशी भाऊजींनी चहा स्वतः आणून दिला. बशीही दिली होती.

ओढ्याकडच्या दोन ओळी गेल्या. बाकीची बाग राहिली. नमुना प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या साहेबांनी घेतला. मग डायरी बघायला तेच गोरेले, चष्मेवाले आले. भाऊजींनी सगळं लिहून ठेवलं होतं. साहेबांनी मोठ्यानं वाचलं:

“औषध, भुरीचं. सल्ला कुणाचा, श्री सिद्धनाथ, उजवा कौल. सहीच्या जागी हे काय आहे?”

“अंगारा हाय,” सुनंदा म्हणाली. “सही करत न्हाईत ते.”

“आणि पुढं लिहिलंय, फवारणी केली नाही.”

“न्हाई केली,” भाऊजी म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. आता हे हसतील असं सुनंदाला वाटलं. पण ते नियमाचे माणूस. “सल्ला मिळाला आणि पाळला नाही, तर कारण लिहावं लागतं,” म्हणाले, आणि स्वतःचं पेन भाऊजींपुढं केलं.

भाऊजींनी विचार केला, आणि खरं ते लिहिलं: ‘देवाला पीएचआय माहीत नव्हता.’

साहेबांनी वाचलं, आणि त्याखाली सही केली.

आठ दिवसांनी ह्यांच्या फोनवर भाऊजींचा फोन आला. दोन वर्षांत पहिला. हे नुसतं “हं” म्हणाले. पलीकडून आवाज आला, तो मलाही ऐकू आला. “दादा, वैनीस्नी सांग, द्राक्षं खायाला हरकत न्हाई.”

पंगत गावी, भाऊजींच्या अंगणात घातली. शबाना आईला घेऊन आली. फ्लॉवर हौसाक्कांनी पाठवला होता, चिरताना आत सर्टिफिकेट सापडलं. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. भाऊजींनी डायरीतलं कारण सांगितलं तेव्हा सगळी पंगत हसली. शबानाला ठसका लागला. हे मात्र हसले नाहीत. हातातला घास खाली ठेवला.

“म्हणजे दिनकर, देवाला पीएचआयची यादी कुणी दिलीच नाही?”

भाऊजी म्हणाले, “न्हाई बा. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ आंघोळ करून देवळात गेले. ह्यांनी रात्रीच यादी मोठ्या अक्षरात उतरून काढली होती, कुठल्या औषधाला किती दिवस. भाऊजींनी खिळा आणला. गुरवानं आरतीच्या फळ्याशेजारी जागा करून दिली. ह्यांनी गाभाऱ्यासमोर उभं राहून यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. मग दोघांनी नमस्कार केला.

आता कुणी कौल लावायला आलं की गुरव फूल हातात घेतो, आधी यादीकडे बघतो आणि विचारतो, “तोडणीला दिस किती ऱ्हायलं?” उत्तर ऐकून निम्मे लोक फूल न लावताच परत जातात. राहिलेल्यांना, गुरव म्हणतो, देव आता लय इचार करून फूल सोडतो.

तर माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावातही देव असेल, कुणी ना कुणी कौल मागत असेल. यादी मी देते. एकदा सवड काढून, त्याला ऐकू जाईल अशी वाचून दाखवा.